रेघ आणि कोरा कागद: शाईच्या अमूर्त रेखांकनावरच्या प्रकल्प नोंदी

८ जून

दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी यंदा वेगळा अभ्यासघटक घ्यायचा, हे आज नक्की झालं. विषय: आधुनिक भारतीय कलेतलं पेन आणि शाईचं अमूर्त रेखांकन, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवणारं, नुसत्या रेघांचं चित्र. सप्टेंबरपर्यंत काम चालेल आणि शेवटी कॉलेजच्या दालनात छोटं प्रदर्शन होईल. पुढे हा घटक जे कुणी घेतील त्यांना उपयोग व्हावा, म्हणून नोंदी ठेवते आहे.

विषय निवडण्यामागे कारण आहे. मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएट देऊन आमच्याकडे येतात. शाई म्हटलं की त्यांना देवळाचं नाही तर वाड्याचं स्केच आठवतं आणि अमूर्त म्हटलं की भलामोठा कॅनव्हास, नाइफ, रोलर, रंगाचे थर. कागदावर काळ्या रेघेत झालेलं अमूर्त काम समोर आलं की "ही तयारी आहे का, मॅडम?" असं हमखास विचारतात. ती तयारी नाही. नसरीन मोहम्मदींनी सत्तरच्या दशकात कॅनव्हास बाजूला ठेवला आणि अखेरपर्यंत कागद, शाई आणि पेन्सिल एवढ्यावरच काम केलं. ज्या कामासाठी एखाद्या चित्रकर्तीनं अख्खं आयुष्य दिलं, ते पूर्ण चित्र म्हणूनच बघायला हवं. एवढं मुलांपर्यंत पोचवता आलं तरी ह्या घटकाचं सार्थक होईल.

१२ जून

कोणाकोणाची कामं घ्यायची ह्यावर आज बसले. यादी बघता बघता लांबत गेली. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांच्या उभ्या-आडव्या रेघांच्या जाळ्या जबरदस्त आहेत, पण तिथे बहुतेकदा माणसाचा चेहरा असतो. तमिळनाडूचे चित्रकार के. एम. आदिमूलम ह्यांनी गांधी जन्मशताब्दीच्या सुमारास, १९६९ मध्ये, पेन-शाईत गांधींची जी चित्रमालिका केली ती मला फार आवडते, पण पुढे ते अमूर्ताकडे वळले ते मुख्यतः तैलरंगात. सगळ्यांना घेतलं तर मुलांच्या हाती नुसती नावं राहतील.

शेवटी चौघांवर थांबले: रवींद्रनाथ ठाकूर, नसरीन मोहम्मदी, जेराम पटेल, वासुदेव गायतोंडे. चौघं शाईकडे चार वेगळ्या वाटांनी आले. रवींद्रनाथ खोडलेल्या शब्दांतून, नसरीन पट्टी आणि ड्रॉइंग बोर्डावरून, पटेल काळ्या ढिगातून आणि गायतोंडे शरीरानं घातलेल्या मर्यादेतून.

१५ जून

आजचा दिवस साहित्यात गेला. टाक आणि निबा मिळाल्या, शाईच्या बाटल्या मिळाल्या, रूलिंग पेन, म्हणजे पट्टीला लावून रेघ मारायचं दोन पात्यांचं पेन, मात्र दुकानांत कुठेच नाही. आर्किटेक्टांच्या ऑफिसांत कॉम्प्युटर आल्यावर ती बाजारातून हळूहळू गेलीच. आमच्या ओळखीचे एक काका चाळीसेक वर्षं ड्राफ्ट्समन होते. त्यांच्याकडे मखमलीच्या खाचांत बसवलेली अख्खी पेटी निघाली आणि त्यांनी ती प्रकल्पासाठी दिली.

नुसती दिली नाही, वापरायलाही शिकवलं. "अगं, दौतीत बुडवायचं नाही हे. ड्रॉपरनं दोन पात्यांच्या मधे शाई सोडायची, पाव इंचावर जाऊ द्यायची नाही. जास्त झाली की थेंब पडलाच म्हणून समज, कमी झाली तर रेघ अर्ध्यात संपते." पात्यांची बाहेरची बाजू पुसून कोरडी करायची, नाहीतर शाई पट्टीला लागते आणि खाली ओढली जाते. स्क्रू पट्टीच्या विरुद्ध अंगाला ठेवायचा. पट्टीची कड कागदावर टेकता कामा नये, त्यासाठी तिच्या खालून, कडेपासून थोडी आत, चिकटपट्टीचे दोन थर लावायचे. "आणि काम झालं की स्क्रू सैल करून ठेव. पाती ताणलेली ठेवलीस तर पेन बिघडतं."

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. रेघ ओढताना पेन जवळजवळ उभं, किंचित जायच्या दिशेला कललेलं. मनगट हलतच नव्हतं, हलत होता तो खांद्यापासूनचा सगळा हात. रेघ संपायच्या आधी वेग कमी होत नाही. पेन चालत असतानाच उचललं जातं, म्हणून टोकाला गाठ येत नाही. पट्टीनं मारलेली रेघ यांत्रिक असते असं जे सर्रास बोललं जातं, ते हा हात बघितल्यावर कुणी बोलणार नाही.

२२ जून

पहिला सराव. ०.२५ मिलिमीटरच्या पेनानं आडव्या समांतर रेघा, एका रेघेपासून दुसरीपर्यंत एक मिलिमीटर. तळहाताएवढा चौकोन भरायचा, बस्स.

मुलं कंटाळतील असं वाटलं होतं, पण वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता होती. पूर्ण झालेले चौकोन भिंतीला लावले आणि सगळ्यांना मागे मागे जायला सांगितलं. दीड-पावणेदोन मीटरच्या पलीकडे गेलं की रेघा दिसेनाशा होतात आणि एकसंध करडा रंग उरतो. हे गणितानं येतं: चांगल्या नजरेला डोळ्यापाशी होणाऱ्या एक अंशाच्या कोनात साधारण ३० रेघा आणि त्यांच्यामधल्या ३० फटी वेगळ्या ओळखता येतात, त्याहून दाट झाल्या की डोळा त्यांची सरासरी काढतो. म्हणजे एकाच कागदावर दोन चित्रं असतात. लांबून धुकं, जवळून रेघा. कुठे उभं राहायचं हे बघणाऱ्यानं ठरवायचं.

त्या करड्या रंगात काळं फक्त एक चतुर्थांश आहे. बाकी तीन चतुर्थांश कोरा कागद. एका मुलीनं विचारलं, "म्हणजे आपण पांढरं काढतोय का?" हो, तेच. रेघ ओढताना लक्ष रेघेवर असतं, पण चित्र दोन रेघांच्या मधे तयार होत असतं. पेन्सिल दाबून छटा गडद करता येते, खोडून फिकी करता येते. शाईत दोन्ही नाही. शाई काळी ती काळीच. त्यामुळे फिकं-गडद जे काय करायचं ते अंतरानंच करावं लागतं.

पुढचा सराव: अंतर बदलत न्यायचं. एकदा १, २, ३, ४, ५ मिलिमीटर असं. एकदा १, १.४, २, २.८, ४ असं, म्हणजे दर वेळी १.४ पट. पहिल्यात पृष्ठभाग थोडा झुकल्यासारखा वाटतो. दुसऱ्यात तो खोल जातो, नजर आत ओढली जाते. गंमत म्हणजे ड्राफ्टिंगच्या पेनांच्या जाड्याही ह्याच पटीत ठरवलेल्या आहेत: ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७. ए-४ वरचा नकाशा ए-३ वर मोठा केला की रेघ बरोबर पुढच्या पेनाच्या जाडीची होते. काकांना हे तोंडपाठ होतं.

३० जून

रवींद्रनाथ. त्यांच्यापासून सुरुवात करायची कारण तिथे शाई आधी लिहिण्याची आहे. १९२४ च्या सुमाराची 'पूरबी' ह्या कवितासंग्रहाची हस्तलिखितं पाहिली की कळतं: कवितेतले खोडलेले शब्द, ओळी, त्यांवर गिरवलेली शाई आणि मग त्या खोडी एकमेकींना जोडत जोडत पानभर पसरलेला आकार. अर्जेंटिनात तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकॅम्पो ह्यांनी त्या पानांतली चित्रं ओळखली आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा त्यामागे त्याच होत्या. रवींद्रनाथ तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते आणि त्यांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं.

त्यांचे आकार पुष्कळदा पक्षी होतात, प्राणी होतात, मुखवटे होतात. ते निखळ अमूर्त आहे असं मी म्हणणार नाही. पण खोड हाच चित्राचा आरंभ, ही गोष्ट आपल्याकडच्या शाईच्या कामात इतक्या उघडपणे आधी कुणी केलेली मला दिसत नाही. जे रद्द केलं तेच लय धरतं.

सराव: स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पान, त्यातलं नको ते खोडायचं आणि खोडींना वाट काढून द्यायची. ओळखीचा प्राणी दिसू लागला की थांबून दिशा बदलायची. हे फार अवघड जातं, डोळा चेहरा शोधतोच.

७ जुलै

पावसानं कागद ओलावले आहेत. आज रेघेच्या दोन्ही कडांना बारीक केस फुटत होते. हातकागदाला खळ, म्हणजे शाई पसरू न देणारा लेप, कमी असेल तर शाई तंतूंमधून पळते आणि हवेत दमटपणा असला की आणखीच. उपाय: जिलेटिनची चांगली खळ असलेला, घोटलेला, ३०० जीएसएमचा कागद, काम सुरू करण्याआधी गठ्ठा बंद खोलीत दिव्याखाली ठेवायचा, हाताखाली कोरा कागद, कारण घामानंही खळ मरते.

फुटणारी शाई वाईटच असं नाही. दोन मुलांना ती फुटलेली कड आवडली आणि त्यांनी कमी खळीचाच कागद मागून घेतला. दिला.

१४ जुलै

स्लाइड शोचा बेत रद्द केला. नसरीन मोहम्मदींची कामं प्रोजेक्टरवर लावली तर पडद्यावर नागमोडी लाटा उमटल्या. मूळ चित्रात त्या नाहीतच. कॅमेऱ्याचे, पडद्याचे ठिपके आणि चित्रातल्या बारीक समांतर रेघा एकमेकांवर आल्या की असे खोटे आकार तयार होतात. मोबाइलवर तर चित्र लहान-मोठं करताना लाटा हलतातसुद्धा. ज्या कामाचा सगळा जीव दोन रेघांमधल्या अंतरात आहे, ते पडद्यावर दाखवणं म्हणजे दुसरंच काहीतरी दाखवणं.

उलट जाड ठळक रेघेचं काम छपाईत उत्तम टिकतं. जुन्या, धातूच्या ठशांच्या म्हणजे ब्लॉकच्या छपाईत लाईन ब्लॉकला फक्त काळं आणि पांढरं कळायचं, मधली छटा नाही. म्हणून दिवाळी अंकांतली, मासिकांतली रेखाचित्रं थेट चित्रकाराच्या हातची वाटायची. नसरीनच्या रेघेला मात्र मूळ कागदासमोरच उभं राहायला हवं. दिल्लीच्या किरण नाडर म्युझियममध्ये त्यांची बरीच कामं आहेत. तिथे जाणं जमेल त्यांनी जावं असं मुलांना सांगितलं. बाकीच्यांसाठी मार्ग एकच: स्वतःच्या हातानं, तशाच साधनांनी, खऱ्या मापात रेघ ओढून बघणं.

२० जुलै

नसरीन मोहम्मदी, भाग पहिला. जन्म १९३७, कराची. बालपणीच कुटुंब मुंबईला आलं. १९५४ ते ५७ लंडनचं सेंट मार्टिन्स हे कला महाविद्यालय, पुढे १९६१ ते ६३ पॅरिस. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता आणि गायतोंडेही तिथेच काम करत. १९७२ पासून शेवटपर्यंत बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजमध्ये शिकवलं. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला निधन.

चित्रांना नावं नाहीत आणि बहुतेकांवर तारखाही नाहीत. म्हणून अभ्यासकांना क्रम लावायचा तो रेघेच्या चालीवरून. ढोबळमानानं असं दिसतं: आधी झाडाच्या फांद्यांची, समुद्राची आठवण असणाऱ्या मुक्तहस्त शाईच्या रेघा, सत्तरच्या दशकात जाळी, पण कापडासारखी, कुठे दाट कुठे विरळ, मधेच धागा सुटलेली, आणि पुढे तिरप्या रेघा, कोऱ्या कागदावर जवळजवळ तरंगणाऱ्या. त्यांनी काढलेल्या छायाचित्रांत मागावरचे ताणलेले धागे आहेत, रस्त्यावरचे पट्टे आहेत, किनाऱ्यावरची वाळू आहे. हयातीत त्यांनी ती प्रदर्शनात मांडली नाहीत.

वर्गात प्रश्न आला की हे पाश्चात्त्य मिनिमलिझमच, म्हणजे अगदी मोजक्या, साध्या आकारांची कला, आहे ना? माझं मत स्पष्ट आहे: नाही. एकसारख्या घटकांची थंड पुनरावृत्ती इथे नाही. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेला उत्तर देते. अंतर हळूहळू वाढतं, जाडी अगदी किंचित बदलते, एक रेघ दुसरीला भिडायच्या आत थांबते. बघताना आपला श्वासही त्या अंतरांच्या लयीत जायला लागतो.

२७ जुलै

भाग दुसरा, आणि हा मला सांगायला अवघड गेला. शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजारानं त्यांचा शरीरावरचा ताबा कमी होत गेला. त्याच काळातल्या रेघा बघा: थरथर नाही, गाठ नाही. ड्रॉइंग बोर्ड, पट्टी, कोनमापक ही साधनं तिथे हाताचा आधार आहेत. ड्राफ्टिंगच्या साधनांकडे कोरडेपणाचं लक्षण म्हणून बघणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. ती साधनं होती म्हणून इतकं नाजूक काम होऊ शकलं.

त्यांच्या डायऱ्यांची पानंही मुलांना सांगितली. छापील रकान्यांच्या डायरीत लिहिलेलं, मग त्यातल्या ओळी पट्ट्या ओढून काळ्या केलेल्या, आणि पान बघता बघता रेखांकन झालेलं. एका मुलानं लगेच रवींद्रनाथांच्या खोडींशी सांगड घातली. मी ती घातली नव्हती. एकीकडे खोड वळणं घेत जाते, दुसरीकडे ती आडवी, मोजलेली, आणि दोन्हीकडे शब्द शाईखाली जातात. त्याचं म्हणणं फळ्यावर लिहून ठेवलं.

५ ऑगस्ट

जेराम पटेल. आज टाक, जाड निब आणि भरपूर शाई.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये भावनगरला काही चित्रकार जमले आणि ज्या घरात जमले त्या घराच्या क्रमांकावरून गटाचं नाव पडलं 'ग्रुप १८९०'. पुढच्या वर्षी दिल्लीला रवींद्र भवनात प्रदर्शन भरलं, उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं आणि कॅटलॉगसाठी लिहिलं मेक्सिकोचे कवी ऑक्टाव्हिओ पाझ ह्यांनी. गटाचं ते एकमेव प्रदर्शन. स्वामिनाथन, हिम्मत शाह, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख त्यात होते, तसे आपल्या अकोल्याचे अंबादासही होते. अंबादासांचं नाव महाराष्ट्रात फार कमी घेतलं जातं, ह्याचं मला वाईट वाटतं.

पटेल त्याच गटातले. जे. जे.चे विद्यार्थी, मग लंडन, पुढे बडोद्यात अध्यापन. लाकडाचे जोडलेले फळे ब्लोटॉर्चनं जाळून केलेल्या कामांसाठी ते ओळखले जातात, पण शाईची रेखांकनं तितकीच तोलामोलाची आहेत. तिथे नसरीनच्या अगदी उलट: रेघेवर रेघ चढत जाऊन काळा गोळा होतो, त्याला वजन येतं, आणि कडेला केसांसारख्या बारीक रेघा बाहेर येतात. हाड, मांस, अवजार, काहीही वाटू शकतं आणि कशावरही बोट ठेवता येत नाही. सगळा ताण त्या कडेवर आहे, काळं जिथे कागदाला भिडतं तिथे.

सरावात मुलं गोळा भराभर काळा करत होती. निब सावकाश चालवायला लावली. ब्रशनं भरलेलं काळं सपाट दिसतं. निबेनं भरलेल्या काळ्यात शाई थरांनी चढते आणि तिच्यात मिसळलेल्या लाखेमुळे तिला हलकी चकाकी येते. कागद उजेडात तिरपा धरला की रेघांची दिशा त्या काळ्यातही वाचता येते.

१७ ऑगस्ट

निबा धुतल्या नाहीत की दुसऱ्या दिवशी वाळलेल्या लाखेनं फट बंद होते. प्रत्येकाच्या टेबलावर पाण्याची वाटी आणि फडकं सक्तीचं केलं. फाउंटन पेनात ही शाई कुणीही भरायची नाही.

२४ ऑगस्ट

गायतोंडे. रंगाच्या थरांतून उजळणारे कॅनव्हास सगळ्यांना ठाऊक आहेत. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला आणि त्यानंतर मोठा कॅनव्हास हाताळणं अवघड होऊन बसलं. मग त्या दशकात कागदावर शाईची कामं झाली. पांढऱ्या पानावर मोजक्या काळ्या खुणा, एखाद्या न वाचता येणाऱ्या लिपीसारख्या. नसरीनच्या रेघेला शेजारची रेघ लागते. गायतोंड्यांची खूण एकटी उभी राहते आणि आजूबाजूचा सगळा कागद ताणून धरते.

आज सराव असा घेतला: एका पानावर फक्त तीन खुणा. पहिली केल्यावर पान भिंतीला लावून बघत बसायचं. दुसरी कुठे यायची ते कळलं तरच टाक हातात घ्यायचा. काही जणांचं पान एका खुणेवरच संपलं आणि ते पूर्ण वाटत होतं.

८ सप्टेंबर

जूनमध्ये खिडकीत लावलेला कागद आज उतरवला. त्यावर काजळीची शाई, फाउंटन पेनाची निळी शाई, बॉलपेन आणि स्केचपेन अशा चार रेघा होत्या, निम्मा भाग काळ्या कागदानं झाकलेला. झाकण काढल्यावर फरक समोर आला. स्केचपेन उघड्या भागात पार उडालं आहे, निळी शाई फिकटली, बॉलपेनचा रंग बदलला. काजळीची रेघ दोन्हीकडे सारखीच. काजळी म्हणजे कार्बन, त्याला उजेडानं काही होत नाही. पिवळा पडतो तो कागद. मुलांनी हा तुकडाच प्रदर्शनात लावायचा आग्रह धरला, लावते आहे.

१५ सप्टेंबर

मांडणी. फ्रेममध्ये प्रत्येक कामाभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, त्यामुळे काच कागदाला चिकटणार नाही. ह्या हवेत चिकटली तर बुरशी ठरलेली. कागदावरच्या कामांसाठी उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर न नेण्याचा दंडक पाळला, दालन जरा अंधारं वाटतं पण डोळा लगेच सरावतो.

रेघांच्या चौकोनांसमोर जमिनीवर पट्टी लावली आहे, रेघा विरघळून करडा रंग होतो त्या अंतरावर. चौघा चित्रकारांच्या कामांच्या छापील प्रती लावायच्या नाहीत असं ठरलं. त्यांच्याबद्दल फक्त मजकूर, चित्रं सगळी मुलांची.

२१ सप्टेंबर

प्रदर्शन झालं. काका आले होते. पट्टीच्या रेघांसमोर बराच वेळ उभे राहिले, मग एका मुलाला बोलावून रेघेच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे तू घाबरलास. पेन उचलताना थांबलास." मुलगा मान हलवून लगेच वही काढून बसला.

पुढच्या वर्षासाठी ठरवलेलं: सुरुवात टाकानं आणि जेराम पटेलांपासून, पट्टी दुसऱ्या महिन्यात. काळं किती जड असतं हे हाताला आधी कळलं पाहिजे, मग अंतराची किंमत कळते. अंबादासांच्या रेखांकनांसाठी स्वतंत्र आठवडा ठेवायचा. घोटलेला कागद पावसाळ्याआधीच, मे महिन्यात मागवायचा आणि रूलिंग पेनं आणखी मिळतात का ते जुन्या ड्राफ्ट्समन मंडळींकडे आत्तापासून विचारायला लागायचं.